१२३४५६७८९८७६५४३२१ चा तक्ता: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

ताईकडे ओवाळून झालं, फराळाचं ताट पुढ्यात आलं आणि भाचीने मोबाइल नाकासमोर धरला. "मामा, एक हा आकडा नऊ वेळा लिहिला आणि त्याला त्यानेच गुणलं. हे काय आलं बघ." पडद्यावर १.२३४५६७८९८७६५४३२ आणि शेपटाला 'ई १६'. शेवटचा आकडा मोबाइलने गिळलेला. म्हटलं, कागद आण.

गेल्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पानामागे १११११११११ गुणिले १११११११११ मांडलं. नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली, सगळीकडे नुसते एक. उभी बेरीज करत गेलो: १, २, ३ असं चढत मधल्या रकान्यात ९, मग पुन्हा उतरत १ पर्यंत. हातचा एकदाही आला नाही. म्हणून तर जिना इतका सरळ उतरतो. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१, सतरा आकडी.

"दहा एक घेतले तर?" तेही केलं. मधल्या रकान्यात १० आले, हातचा लागला आणि जिन्याची पायरी तुटली: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतानाचा ८ गायब.

१० नोव्हेंबर, रविवार

सोसायटीतल्या मुलांसाठी दर रविवारी तासभर गणिताचा कट्टा घेतो. २२ डिसेंबरला, रामानुजनांच्या जन्मदिवशी, राष्ट्रीय गणित दिवस असतो. यंदा तो रविवारीच आलाय. हॉलमध्ये या एकाच संख्येचा मोठा तक्ता लावायचा असं ठरवलं: मूळ अवयव, सगळे विभाजक, त्यांची बेरीज, आणखी काही निघालं तर ते.

हीच संख्या का, तर आम्ही डोंबिवलीकर. देवळालीला शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी या जातीच्या संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, तिथे त्यांना ही कल्पना सुचली. ते स्टेशन म्हणजे आपलं डोंबिवली. ज्या फलाटावर आम्ही रोज सकाळी ८:१३ साठी कोपरं मारतो, तिथे एका माणसाला संख्या सुचल्या. मुलांना हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "तेव्हा गर्दी कमी असेल." असेल.

आज कामाला हात घातला. संख्या १११११११११ चा वर्ग आहे, म्हणजे १११११११११ फोडला की काम झालं. अंकांची बेरीज ९, तेव्हा ९ ने भाग जाणारच. भागाकार १२३४५६७९. इथेही ८ नाही! मुलं खूश.

पुढे १२३४५६७९ ला ७, ११, १३ असं भागत बसलो आणि ३७ ला निःशेष भाग गेला. उरले ३३३६६७. चाळीस मिनिटं गेली. घरी आल्यावर दिसलं की हे सगळं टाळता आलं असतं. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडा: १११ × १००१००१. यात १११ म्हणजे ३ × ३७ हे शेंबडं पोरही सांगेल, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. दोन ओळींचं काम. तुम्ही करत असाल तर आधी गट पाडा, मग भागायला बसा.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आता प्रश्न ३३३६६७ मूळ आहे की संयुक्त, हा. याचं वर्गमूळ ५७७ आणि वर थोडं, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. अशा १०६ आहेत. त्यातल्या २, ३, ५ नजरेने बाद, राहिल्या १०३. कॉम्प्युटरला विचारलं असतं तर सेकंदही लागला नसता, पण तक्त्यावर 'हे आम्ही केलं' असं लिहायचं होतं. चाळीस रुपयांची नवी लाँगबुक आणली. जेवण झाल्यावर बसलो.

पहिल्या पानावर ७ पासून १२७ पर्यंत, अठ्ठावीस भागाकार. एकाचीही बाकी शून्य नाही. साडेअकरा वाजले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पान उलटलं, वर संख्या लिहिली, १३१ ने भाग दिला. बाकी शून्य! पुन्हा केला. शून्य. भागाकार २५७. रात्री पावणेबाराला भाचीला मेसेज टाकला, "सापडला. १३१ आणि २५७."

सकाळी तिचं उत्तर: "मामा, गुणून बघ."

३७ ने गुणलं तर १२४५६७९ आलं. १२३४५६७९ मधून ८ आधीच गळालेला, आता ३ पण गळाला. मग पानाच्या डोक्यावर बघितलं. नव्या पानावर मी ३३६६७ उतरवलं होतं, एक ३ कमी. आणि दुर्दैव असं की ३३६६७ खरोखरच १३१ × २५७ आहे. चुकीच्या संख्येचं बरोबर उत्तर. तीनशे तेहतीस हजारांना १३१ ने भागून भागाकार जेमतेम अडीचशे कसा येईल, एवढं तरी दिसायला हवं होतं. दिवसभर हिशेबाच्या वह्या तपासून पोट भरणारा माणूस मी.

भाचीने फोनवर ऐकवलं ते वेगळंच. "अरे, त्या आकड्यात मधोमध ३ आणि ६ आहेत, पाठीला पाठ लावून. तुझा आणि त्याचा छत्तीसाचा आकडा आहे."

तेव्हापासून एक नियम केला. नव्या पानावर संख्या उतरवली की आधी तिचे आकडे मोजायचे आणि अंकांची बेरीज लिहायची. ३३३६६७ ची २८. ३३६६७ ची २५ आली असती आणि तिथेच कळलं असतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

१९९ पर्यंत पोचलो. आतापर्यंत ४३ भागाकार, सगळे मिळून साडेतीन तास. अजून साठ बाकी. हात दुखतोय, आणि मूळ संख्यांची यादी पाठ असेल हा भ्रमही उतरला: १४३ ला मूळ समजून एक भागाकार फुकट घालवला. ११ × १३ आहे तो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

लोकलमध्ये नेहमीच्या ग्रुपात एक जण कॉलेजात गणित शिकवतो. मुंब्र्याच्या आसपास त्याला वही दाखवली. दोन पानं उलटली आणि म्हणाला, "हे सगळं कशाला? अठराच्या उड्या मार ना."

ठाण्यापर्यंत त्याने जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं. ३३३६६७ हा ९९९९९९९९९ चा, म्हणजे नऊ नवांचा, विभाजक आहे. मग ३३३६६७ ला भागणारी कुठलीही मूळ संख्या नऊ नवांनाही भागेल. अशा संख्येने १ ला भागलं की दशांशात आवर्तन येतं १, ३ किंवा ९ आकड्यांचं. एका आकड्याचं आवर्तन फक्त ३ ला, तीन आकड्यांचं फक्त ३७ ला. ३ ने भाग जात नाही, कारण बेरीज २८. ३७ ने भागलं तर बाकी १. राहिलं नऊ आकड्यांचं आवर्तन. आणि आवर्तनाची लांबी नेहमी त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर जे उरतं त्याला भागते. म्हणजे संख्या ९ च्या पटीत एक मिळवून येणार, आणि विषम असल्याने १८ च्या पटीत एक मिळवून: १९, ३७, ७३, १०९... मधलं सगळं सोडून द्यायचं.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त सतरा. त्यातल्या आठ मी १९९ पर्यंत करून बसलो होतो. राहिल्या नऊ! साठाचे नऊ झाले. आनंद झाला, आणि केलेल्या ४३ पैकी ३५ भागाकार पाण्यात गेले याचं वाईटही वाटलं. चाकरमान्याने गर्दीचा उपयोग करून घ्यावा, आधी विचारावं.

रात्री बसून संपवलं. बाक्या इथे देतो, ताळ्याला उपयोगी पडतील: २७१ ला ६६, ३०७ ला २६५, ३७९ ला १४७, ३९७ ला १८७, ४३३ ला २५७, ४८७ ला ७२, ५२३ ला ५१६, ५४१ ला ४११, ५७७ ला १६१. ५२३ ने घाम फोडला. ५२३ × ६३८ म्हणजे ३३३६७४, फक्त सातने चुकलं. तीनदा केलं ते.

३३३६६७ मूळ आहे. पूर्ण संख्या म्हणजे ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग.

२४ नोव्हेंबर, रविवार

विभाजक किती? ३ घ्यायचे पाच पर्याय (एकही नाही, एक, दोन, तीन, चार), ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५. संख्या वर्ग असल्याने विषम येणारच. बावीस जोड्या आणि मधे एकटा बसलेला १११११११११, ज्याचा जोडीदार तो स्वतःच. मुलांना हे फार आवडलं. "तो सिंगल आहे" म्हणे.

४५ विभाजक हाताने काढायचा धीर नव्हता. स्प्रेडशीटमध्ये घातांकांचे तीन रकाने केले, चौथ्यात गुणाकार. दहा मिनिटांत यादी तयार.

फ्लेक्स सहा बाय तीन, अठरा स्क्वेअर फूट, वीस रुपयांच्या भावाने ३६०. पण काल निवडणुकीचा निकाल लागलाय, दुकानात अभिनंदनाच्या फलकांची रांग. "तुमचं काम शुक्रवारी," म्हणाला. माझी फाइल एका विजयी उमेदवाराच्या हसऱ्या चेहऱ्याखाली दाबली गेली.

१ डिसेंबर, रविवार

फ्लेक्स कट्ट्यावर उलगडला. छान दिसत होता. भाची मुद्दाम आली होती. दोन मिनिटं शांत उभी राहिली, मग म्हणाली, "मामा, आपल्या संख्येच्या शेवटी १ आहे. विषम आहे. मग तिला शून्याने संपणारा विभाजक कसा असेल?"

एक नव्हे, तीन होते. यादीतले सगळ्यांत मोठे तीन. शेवटचा तर आपली संख्याच, पण छापलं होतं १२३४५६७८९८७६५४३००. ज्या २१ मुळे जिना जमिनीला टेकतो तेच गायब. तिसऱ्या भागाच्या जागी ४११५२२६३२९२१८११०, खरा आहे ४११५२२६३२९२१८१०७. नवव्याच्या जागी १३७१७४२१०९७३९३७०, खरा १३७१७४२१०९७३९३६९.

कारण साधं आहे. स्प्रेडशीट पंधराच आकडे खरे दाखवते, पुढच्या घरांत शून्य भरते. धोक्याची खूण नाही, काही नाही. रुपये-पैशांत पंधरा आकड्यांच्या वर कोण जातं? माझ्या कामात इतक्या वर्षांत कधी नडलं नाही म्हणून लक्षातच आलं नाही. बाकीचे बेचाळीस विभाजक पंधरा आकड्यांच्या आत होते, ते बरोबर निघाले. तरी दोन संध्याकाळी बसून सगळे हाताने तपासले. इतक्या मोठ्या संख्या स्प्रेडशीटमध्ये ठेवायच्याच असतील तर आकडे मजकूर म्हणून लिहा आणि गुणाकार दोन तुकड्यांत करा. नाहीतर लांब पूर्णांक जसाच्या तसा सांभाळणारी एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा वापरा, पायथॉन चालेल.

पुन्हा छापायला आणखी ३६० घालवायचे नव्हते. दहा रुपयांचा पांढरा स्टिकर पेपर आणला आणि तीन चिकट्या लावल्या. एका मुलीचं अक्षर छापल्यासारखं आहे, तिने आकडे लिहिले. जवळून बघितलं तर '२१' थोडं वर सरकलेलं दिसतं. असू दे.

८ डिसेंबर, रविवार

विभाजकांची बेरीज. ४५ संख्या एकाखाली एक मांडायची गरज नसते. ३ चे घात मिळवा: १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१. ३७ चे: १ + ३७ + १३६९ = १४०७. ३३३६६७ चे: १ + ३३३६६७ + १११३३३६६६८८९ = १११३३४०००५५७. या तिघांचा गुणाकार म्हणजे बेरीज. (३३३६६७ चा वर्ग पाहिलात? १११-३३३-६६६-८८९. शेवटी मोडला नसता तर डोळ्यांत पाणी आलं असतं.)

१२१ × १४०७ = १७०२४७. आता १११३३४०००५५७ ला १७०२४७ ने गुणायचं. फळ्यावर गुणलं, नवाचा ताळा (अंकांच्या बेरजेवरून उत्तर पडताळायची रीत) केला, जुळला. हात झटकले. एका मुलाला शाळेत अकराचा ताळा (आकडे एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे) शिकवलाय, तो करून म्हणाला, "जुळत नाही, काका."

मीच त्याच्या ताळ्यावर शंका घेतली. मग उत्तराचे आकडे मोजले तर सोळा. सतरा आकडी संख्येच्या विभाजकांची बेरीज, ज्यात ती संख्या स्वतःही आहे, सोळा आकडी? १७०२४७ मधल्या शून्याची ओळ लिहिली नव्हती आणि तिचं घरही सोडलं नव्हतं. पुढच्या दोन ओळी एकेक घर उजवीकडे सरकल्या. प्रत्यक्षात मी १७२४७ ने गुणलं होतं. नवाच्या ताळ्याला याचा पत्ताच लागत नाही, कारण त्याला फक्त आकडे दिसतात, त्यांची घरं दिसत नाहीत. शून्य सुटलं किंवा ओळ सरकली तर तो बिनदिक्कत 'बरोबर' म्हणतो. अकराचा ताळा एक घर सरकलं की बहुधा ओरडतो. आमच्या पिढीला नवाचाच शिकवला. यापुढे दोन्ही.

खरं उत्तर १८९५४२७९५९२८२७५७९. यातून संख्या स्वतः वजा केली तर ६६०८६००६०५१७३२५८. म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळे विभाजक एकत्र आले तरी संख्येच्या निम्म्याहून थोडे वर जातात. ही न्यून संख्या. ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण, म्हणजे ही बेरीज नेमकी स्वतःइतकी, असायला फारच लांब.

१५ डिसेंबर, रविवार

आजचं काम पंधरा मिनिटांचं. अंकांची बेरीज ८१, आणि संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागली जाणारी संख्या म्हणजे हर्षद संख्या, हे नावही कापरेकरांचंच, आनंद देणारी अशा अर्थाचं. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग. या वेळी आधी आकडे मोजले, दोन्ही ताळे केले, मग चिकटी लावली.

२२ डिसेंबर, रविवार

तक्ता लागला. दोरी कमी पडली म्हणून एक कोपरा पताकांच्या माळेला बांधला. खर्च ४१० रुपये, अधिक समोसे. वहीतले तास मोजले तर एकवीस. त्यातले निदान नऊ चुका करण्यात आणि निस्तरण्यात गेले.

एका आजोबांनी चिकट्यांवर बोट ठेवून विचारलं, "इथे काय लपवलंय?" मुलांनी त्यांना पूर्ण कहाणी ऐकवली, ३३६६७ सकट. मला वाटलं होतं ते भाग गाळतील.

२९ डिसेंबर, रविवार

मुलांना अकरा एक फोडायचे होते: १११११११११११. सतरा आकडी नाही, अकराच आकडी, आणि दुकानदारांचा बारा आकडी कॅल्क्युलेटर त्याला पुरतो. आवर्तन अकरा आकड्यांचं, म्हणून उड्या या वेळी बावीसच्या: २३, ६७, ८९... वर्गमूळ १०५४०९, म्हणजे सगळ्यात वाईट झालं तर ४७९१ उड्या. पाच मुलं, पाच कॅल्क्युलेटर. पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोनशे उड्या वाटून दिल्या. ५ ने संपणारी आणि ३ ने भाग जाणारी उडी सोडायची, त्यामुळे प्रत्येकी शंभरेक भागाकार उरले.

पन्नास मिनिटं नुसता बटणांचा आवाज. पहिल्या चौघांचं काहीही न सापडता संपलं, ते समोशांकडे वळले. पाचव्याकडे ८०१ ते १००० होत्या. ९८४ व्या उडीला, २१६४९ ला, पडद्यावर ५१३२३९ आलं आणि पुढे दशांश चिन्ह नाही. त्याने ओरडायच्या आधी आकडे मोजले. अकरा. मग ओरडला.

चौथ्या मुलाचं म्हणणं आहे की वाटे चिठ्ठ्या टाकून करायला हवे होते.